जंगलावरच्या लेखाला संपादक कशाला लागतो?

प्रश्न सिंदेवाही तालुक्यातल्या एका तरुण लेखकाचा आहे. ताडोबाच्या बफरमधल्या, म्हणजे कोअर या आतल्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, आपल्या गावालगतच्या नाल्याकाठी केलेल्या भटकंतीवर त्यांनी एका निसर्गविषयक मासिकाला लेख पाठवला. तो परत आला तेव्हा सुरुवातीचं पाऊण पान उडालेलं, नाल्याचं नाव गाळलेलं, ‘येन’ या झाडाच्या नावाचं ‘ऐन’ झालेलं आणि समासात प्रश्नच प्रश्न. ते विचारतात, “हा माणूस आमच्या जंगलात कधी आला नाही. तो मला काय शिकवणार? संपादकाचं नेमकं काम काय, आणि त्याचं कुठवर ऐकायचं?”

भाऊ, तो तुमच्या जंगलात आला नाही म्हणूनच तो कामाचा आहे. तुमचा वाचकही आलेला नाही. मी या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे, आधी लिहिणारा म्हणून आणि नंतर बरीच वर्षं दुसऱ्यांचं लिखाण तपासणारा म्हणून, तेही विदर्भातल्याच गावात राहून. शुद्धलेखन हे संपादकाच्या कामातलं सगळ्यात सोपं काम, ते मुद्रितशोधकही करतो. भटकंती, जंगल, किल्ले, नद्या यांवरच्या लिखाणात संपादक दोघांची बाजू घेऊन बसलेला असतो. एक, तो लेख वाचून उद्या त्या वाटेला लागणारा माणूस. दुसरं, ती वाट आणि तिच्या आजूबाजूला राहणारे सगळे, माणसं धरून. या दोघांपैकी कोणीही लेख छापून येण्याआधी बोलू शकत नाही.

कवितेत कुणी चैत्रात नाला खळाळवला तर फार तर समीक्षक नाक मुरडेल. तुमच्या लेखात “वाटेत नाल्याला पाणी मिळतं” एवढं वाक्य असलं, तर कोणीतरी अर्धीच बाटली भरून निघणार. हे तुम्ही डिसेंबरात पाहिलेलं असतं. वाचणारा निघतो एप्रिलात. तेव्हा नाल्यात वाळू असते आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे लागला की पारा ४५च्या वर. म्हणून समासात “कोणत्या महिन्यात?” असं लिहिलेलं असेल तर चिडू नका, महिना घाला. अंतराचंही तेच. आपल्याकडे कोणालाही विचारा, “इथंच तं आहे” म्हणतील आणि ते ‘इथंच’ तीन-चार किलोमीटर निघेल. गावच्या माणसाचा त्यात दोष नाही, तो ते रोज चालतो. पण छापलेल्या पानावर ‘इथंच’ चालत नाही. चालायला किती वेळ लागला, कोणत्या उन्हात, परतताना किती, हे हवं.

वेळापत्रकाचा भागही संपादकाचाच. ताडोबाचा कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, आणि एरवी मंगळवारी बंद. जुलैच्या अंकात “चला कोअरमध्ये” म्हणणारा लेख लावणारा संपादक लेखकाचं नाव खराब करतो. उलट पावसाळ्यात चिखलदऱ्याचा लेख लावला तर तो कामाला येतो. नरनाळ्याचा किल्ला मुळात अभयारण्यात आहे. इतिहासाच्या ओघात लेखक हे विसरतो, आणि वाचक थेट वनविभागाच्या नाक्यावर जाऊन अडतो.

आता त्या प्रश्नांकडे या, कारण तुमची खरी चीड तिथं आहे.

माझ्याकडे आलेल्या एका लेखात दोन वाक्यं होती: “वाटेत मोहाची झाडं लागली. प्रत्येक झाडाखाली काळा गोल होता.” आणि लगेच पुढे धबधब्याचं वर्णन, पानभर. लेखक त्याच भागातला, त्याला त्या काळ्या गोलात नवल वाटलंच नव्हतं. समासात एवढंच गेलं: काळा गोल कसला? किती मोठा? कोणी केला? उत्तरादाखल त्याने जे लिहून पाठवलं, तो मग लेखच झाला. मोह टपकायला लागण्याआधी झाडाखालचा पाचोळा जाळतात, म्हणजे स्वच्छ काळ्या जमिनीवर फिकट पिवळं फूल लगेच दिसतं. गोल झाडाच्या घेराएवढा, कारण फूल फांद्यांच्या टोकाला लागतं आणि सरळ खाली पडतं. फुलं रात्री-पहाटे गळतात, म्हणून बायका-पोरं अंधारातच टोपल्या घेऊन निघतात, गाई-गुरं आणि हरणं पोचायच्या आधी. आग विझवायची राहिली की वाळल्या पानांतून ती जंगलात शिरते. उन्हाळ्यातल्या वणव्यांचं हे एक मोठं कारण, आणि त्यावर उपाय म्हणून काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधून फुलं झेलायला लागले आहेत. आणि हीच ती वेळ, पहाटेची, वाकून वेचणाऱ्या माणसाची, जेव्हा वाघाशी गाठ पडते. रोजगार, वणवा, वाघ, बाईचा दिवस, सगळं त्या काळ्या गोलात होतं. धबधबा शेवटी चार ओळींत आटोपला.

हे संपादकाने लिहिलं नाही, त्याला ते ठाऊकही नव्हतं. त्याला फक्त कळलं नाही, आणि कळलं नाही असं सांगायची त्याला लाज वाटली नाही. गावातला लेखक ज्याला ‘हे तर सगळ्यांना माहीत आहे’ म्हणून सोडून देतो, तिथं बहुतेक वेळा लेख असतो.

याच कारणाने तुमची सुरुवात उडाली असणार. मी ती पाहिलेली नाही, पण अशा सुरुवाती पुष्कळ पाहिल्या आहेत. “पूर्वेला तांबडं फुटलं होतं. निसर्गदेवतेने धुक्याची शाल पांघरली होती. पक्ष्यांच्या मंजुळ किलबिलाटाने आसमंत भरून गेला होता.” यात काही चूक नाही, पण हे भामरागडला चालतं, महाबळेश्वरला चालतं आणि कधी घराबाहेर न पडलेल्यालाही लिहिता येतं. कोणता पक्षी? कोतवाल की धनेश? धुकं की शेतातला धूर? लेखक वर्गात शिकलेला निबंध आधी संपवतो आणि मग बोलायला लागतो. जिथं तो बोलायला लागतो तिथून लेख सुरू करणं हा संपादकाचा हक्क आहे, आणि तो त्याने बजावलाच पाहिजे.

मग पाहिलेलं, ऐकलेलं आणि वाटलेलं यांची वेगवेगळी गाठोडी. आपल्या गावांत बिबट्यालाही वाघच म्हणतात. “काल वाघ आला होता” हे वाक्य म्हणून अर्धवट आहे. पट्टेदार की बिबट? तुम्ही पाहिला, की पगमार्क, म्हणजे पंजाचा ठसा, पाहिला, की गुराख्याने सांगितलं? तिन्ही लिहिता येतात, फक्त जे असेल ते सांगून. वाघाने माणूस मारल्याच्या बातमीवर लेख असेल तर संपादकाने आणखी कडक व्हावं. कोणता वाघ, हे वनविभागाने ठरवलं आहे का, की लेखकाने? कायद्यात वाघ ‘माणसाच्या जिवाला धोकादायक’ ठरवण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाचा आहे, पानटपरीवरच्या चर्चेचा नाही. आणि ज्या घरातला माणूस गेला, त्या घरातल्या बाईचं नाव-गाव छापायची मुळात गरज आहे का, हेही संपादकच विचारतो, कारण लेखक तेव्हा गोष्टीच्या भरात असतो.

याबाबतीत मोठमोठ्यांचंही चुकतं. १० मे १९९६ ला एव्हरेस्टवर वादळात माणसं गेली. अमेरिकेच्या ‘आउटसाइड’ मासिकाने पाठवलेला लेखक स्वतः त्या चढाईत होता, आणि त्याचा लांबलचक लेख त्याच वर्षी सप्टेंबरच्या अंकात आला. तंबूंच्या अगदी जवळ, वादळात, आपल्याला एक वाटाड्या भेटला असं त्याने सांगितलं होतं. प्रत्यक्षात तो दुसराच गिर्यारोहक होता. वाटाड्या तिथवर पोचलाच नव्हता. पुढे लेखकानेच चौकशी करून हे दुरुस्त केलं. त्या उंचीवर, ऑक्सिजन कमी असताना, डोळ्यांनी पाहिलेलं असं दगा देतं. ऑफिसात बसलेला संपादक एव्हरेस्टवर जाऊन खात्री करू शकत नाही, पण “चेहरा दिसला का? त्या दुसऱ्याशी बोललात का?” हे विचारू शकतो. आपल्याकडे उन्हाने आणि भीतीने तेच होतं, फक्त बर्फ नसतो.

उचललेल्या माहितीचा प्रकार याहून सोपा, पण जास्त छळणारा. लोणारवर लेख आला की “५२ हजार वर्षांपूर्वी उल्का पडली” हे येतंच. हा आकडा जुन्या कालमापनाचा. नंतर आर्गॉन पद्धतीने केलेल्या मापनात वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. दहापट फरक! संपादकाला भूगर्भशास्त्र येत असायला हवं असं नाही, त्याने “हे कुठून घेतलं?” एवढं विचारलं तरी पुरतं. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं तेव्हाही तसंच, कोणी शाप लिहिला, कोणी रसायन लिहिलं. तपासणीत ते खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव निघाले. टिपेश्वरहून ज्ञानगंगा अभयारण्यात गेलेल्या वाघाबद्दल २०१९ मध्ये “१३०० किलोमीटर दूरवरून आला” असं सर्रास लिहिलं गेलं. अहो, यवतमाळ ते बुलढाणा जिल्हा हे सरळ अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. १३०० हून जास्त किलोमीटर ही त्याच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरवरून मोजलेली सगळी भटकंती आहे, शेतं, नाले, रस्ते ओलांडत केलेली. नीट सांगितलं तर खरी गोष्ट चुकीच्या आकड्यापेक्षा भारी आहे.

आता तुमच्या नाल्याचं नाव. इथं मी पूर्णपणे त्या संपादकाच्या बाजूने आहे. रानपिंगळ्याचं उदाहरण घ्या. १८८४ नंतर हा पक्षी कोणाला खात्रीने दिसलाच नव्हता, थेट १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि पुढे मेळघाटात तो बऱ्यापैकी आहे हे कळलं. अशा पक्ष्याची ढोली कोणत्या गावाच्या कोणत्या झाडावर आहे हे छापलं की शनिवारी गाड्या येतात. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावतात, फांद्या तोडून फोटोसाठी जागा करतात. घरट्यांचं, अस्वलाच्या गुहेचं, वाघिणीच्या पिल्लांचं, सगळ्यांचं हेच. तुमच्या नाल्यावर नेमकं काय होतं मला माहीत नाही, पण लेखात पिल्लं असतील तर नाव जाणारच. ‘तालुक्यातला एक नाला’ म्हटल्याने लेख उणा होत नाही. फोटो पाठवतानाही जपा, मोबाइलच्या फोटोत जागेचे आकडे आपोआप साठवलेले असतात. चांगला संपादक ते काढून मगच फोटो पुढे देतो. तो काढतो का, हे विचारून घ्या.

कायद्याच्या बाबतीत संपादक लेखकाला लेखकापासूनच वाचवतो. “आम्ही रात्री गुपचूप आत शिरलो, शेकोटी केली, सकाळी नाल्यात सांबराचं गळालेलं शिंग मिळालं, ते आजही माझ्या बैठकीत आहे.” किती छान वाटतं लिहायला! यात तीन कबुल्या आहेत. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं आणि तिथं आग पेटवणं हे दोन्ही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हे. राखीव वनात शेकोटीला १९२७चा वन कायदा आडवा येतो. गळालेलं शिंगसुद्धा घरी ठेवता येत नाही. संपादकाने ते वाक्य नुसतं गाळू नये, लेखकाला फोन करून कारण सांगावं. नाहीतर लेखक तेच दुसरीकडे छापून आणतो.

एवढी बाजू घेतली, आता संपादकांच्या खोड्या.

‘येन’चं ‘ऐन’ करणं ही पहिली. झाडाचं पुस्तकी नाव एकदा द्यावं, कबूल, नाहीतर सातारचा वाचक चाचपडत राहील. पण तुमच्या गावचा म्हातारा येनाखाली बसतो, अर्जुनाला कहू म्हणतो, नीलगाईला रोही म्हणतो, आणि त्याच्या तोंडी तेच राहिलं पाहिजे. “वाघ होता जी. पानी पेत होता.” याचं “वाघ होता. तो पाणी पीत होता.” केलं की तो म्हातारा पुण्यात बदली होऊन गेला. हे परत मागा, भांडून मागा. भांडताना मात्र तोडगा हातात ठेवा: निवेदन प्रमाण मराठीत, बोलणं बोलीत, अवघड नावाचा अर्थ पहिल्या वेळी वाक्यातच. बहुतेक संपादक याला तयार होतात.

दुसरी खोड सह्याद्रीची. मराठीतलं भटकंतीचं लिखाण मुंबई-पुण्याकडे वाढलं, त्यामुळे लेख म्हणजे किल्ला, कडा, पावसाळा, चढाईची श्रेणी असा साचा तयार आहे. आपला प्रदेश सपाट, कोरडा, पानगळीचा. इथं चालण्याचा मोसम हिवाळा, आणि उंची सांगण्यासारखी फक्त मेळघाटात. त्या साच्यात बसवायला गेले की संपादक “थरार कुठे आहे?” असं विचारतात आणि मग मथळा येतो ‘वाघांच्या राज्यात एक थरारक दिवस’, लेखात मात्र वाघ नाही, तेंदूपत्त्याचा फड आहे, म्हणजे मे महिन्यात जिथं पानांची पुडकी मोजून वाळत घालतात ती जागा. मथळा संपादकाचा असतो हे खरं, पण खोटा मथळा अडवायचा हक्क लेखकाचा. छापायच्या आधी मथळा आणि फोटोखालच्या ओळी मला दाखवा, हे पहिल्याच पत्रात लिहून टाका.

फोटोखालच्या ओळींना तर कोणी वालीच नसतो. लेख तीन वेळा तपासला जातो आणि कॅप्शन शेवटच्या संध्याकाळी पान लावणारा मुलगा लिहितो. मग चिंकारा काळवीट होतो, आणि दिवाळी अंकात हिवाळ्याच्या लेखाशेजारी लालभडक फुललेला पळस येतो, जो फेब्रुवारी-मार्चशिवाय फुलत नाही. प्रत्येक फोटोबरोबर महिना, जागेचा ढोबळ उल्लेख आणि काय दिसतंय हे स्वतः लिहून पाठवा. आणि फोटो कसा मिळाला तेही: मोकळ्यावर, मचाणावरून, कॅमेरा ट्रॅपमध्ये की प्राणिसंग्रहालयात. न विचारणाऱ्या संपादकापेक्षा विचारणारा बरा.

मानधनाबद्दल थोडक्यात: आधी विचारा. विचारल्याने लेख नाकारला जात नाही. फोटोंचे वेगळे पैसे आहेत का, आणि तोच मजकूर नंतर दुसरीकडे वापरता येईल का, हे दोन प्रश्न त्यातच घाला.

कुठवर ऐकायचं, याची मी स्वतः पाळतो ती रेघ अशी. तो “मला कळलं नाही” म्हणतो तेव्हा त्याचं ऐकायचं, वाद न घालता, कारण त्याला कळलं नाही याचा पुरावा तोच आहे. तो “असं नसतं” म्हणतो तेव्हा पुरावा मागायचा आणि आपला द्यायचा. आणि त्याने वाक्य बदलल्यामुळे अर्थ बदलला असेल तर थांबवायचं, तुमचं वाक्य त्याच्यापेक्षा ओबडधोबड असलं तरी.

तेव्हा सध्या एवढं करा. लेख पुन्हा लिहायला घेऊ नका, आधी समासातले प्रश्न वेगळ्या कागदावर उतरवा आणि एकेकाचं उत्तर द्या. पाहिलं, ऐकलं की अंदाज, ते पुढे लिहा. ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला येत नाही, त्यासाठी पुन्हा जाऊन या, किंवा बीटच्या वनरक्षकाला विचारा, त्यांना पुस्तकांत नसलेलं पुष्कळ माहीत असतं. नाल्याचं नाव सोडून द्या. येन, रोही आणि म्हाताऱ्याचं बोलणं परत मागा. ज्या उत्तराने प्रश्नापेक्षा जास्त जागा घेतली, तिथून लेखाची नवी सुरुवात होते का ते बघा. आणि हा लेख दिवाळी अंकासाठी असेल तर पोळ्याच्या आधी पाठवा. पोळा झाला की पानं लागायला लागतात, मग चांगली दुरुस्तीसुद्धा कोणी उघडून बघत नाही.